दोन नावांचं घर

सुरेखाचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. "बाई, आई गेली," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता, नर्सच्या नोकरीत मुरलेला. मी काही बोलायच्या आत तिनं पुढचं वाक्य उच्चारलं, "घरात फक्त अण्णा होते." जवळचं माणूस गेल्याचं कळल्यावर आधी रडू यायला हवं. माझ्या अंगावर मात्र काटा आला. अण्णा म्हणजे सुरेखाचे वडील, मारुतराव. त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत बायकोला बोटही लावलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरीही "घरात फक्त अण्णा होते" या चार शब्दांनी मी गॅलरीतच खाली बसले. त्याच रात्री हडपसरहून आम्ही दोघी शिरूरच्या गाडीत बसलो. सुरेखा खिडकीबाहेर बघत होती. कोरेगाव मागं पडलं तेव्हा एवढंच म्हणाली, "आई दुपारी गेली. मला अण्णांचा फोन दिवे लागल्यावर आला."

सुरेखाच्या आईला, चांगुणाबाईंना जाऊन आता महिना उलटून गेला. एवढ्या दिवसांत मी त्यांच्याबद्दल कुणाशी नीट बोलले नाही. त्यांची गोष्ट सांगायला लागलं की लोक मधेच विचारतात, "म्हणजे त्यानं केलं तरी काय?" या प्रश्नाचं उत्तर चांगुणाबाईंना कधी देता आलं नाही. मला तरी कुठून देता यावं?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शिरूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. जून उलटून गेल्यावर एक उंच बाई, लांब ढांगा टाकत, मुलीचा हात धरून वर्गाच्या दाराशी आली. मुलीला चौथीत घ्या म्हणाली. मी जुन्या शाळेचा दाखला मागितला. तर म्हणाली, "दाखला दौंडात ऱ्हायला, बाई. आणाया गेले तर मी पण तिथंच ऱ्हाईन." मला वाटलं, गंमत करतेय. पण ती हसत नव्हती. मुख्याध्यापिकांना सांगून मी सुरेखाला बसवून घेतलं, दाखला पुढं टपालानं मागवला, आणि तेव्हापासून चांगुणाबाई माझ्या झाल्या. त्या मला शेवटपर्यंत "बाई"च म्हणाल्या, मी त्यांना चांगुणाबाई.

त्या न्हावऱ्याच्या बाजूच्या, मेंढपाळांच्या घरातल्या. लहानपणी दिवाळी झाली की आईबापामागं मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, हेच त्यांचं वर्ष. घोड्यावर बिऱ्हाड, रोज नवं रान. पुढं भाऊ सोपान शेतीत स्थिरावला, कांदा करू लागला, दोन जर्सी गाई दावणीला बांधल्या. पण तोवर चांगुणाबाईंचं लग्न होऊन गेलं होतं. "घर म्हंजी काय असतंय ते मला लग्नातच कळलं," त्या म्हणायच्या. "वर पत्रा, चारी बाजूंनी भिताडं, आन् एकच दार. लई भारी वाटलं तवा." मग म्हणायच्या, "त्या एका दाराचं पुढं कळलं."

दौंडात काय झालं होतं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मारुतराव रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होते, कायम नोकरी, राहायला क्वार्टर. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. बायको माहेरी गेलेली मात्र त्यांना चालायची नाही. विहिरीवर कुणाशी दोन शब्द बोललेलं चालायचं नाही. एकदा सोपानकडं खंडोबाचं जागरण होतं आणि चांगुणाबाई म्हणाल्या, मी जाणार. मारुतराव उठले, घासलेटचा डबा आणला, उंबऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट धार धरली. मग आतल्या बाजूनं दारात मांडी घालून बसले. हातात काडीपेटी. "जायचं तर जा," एवढंच म्हणाले. सुरेखा दप्तर घेऊन उभीच राहिली. पोरीची शाळा बुडाली, चूल पेटली नाही, उन्हं भिंतीवरून सरकत गेली, आणि मारुतराव बसून. ड्यूटीची वेळ झाली तेव्हा त्यांनी काडीपेटी खिशात टाकली, चपला घातल्या आणि कामावर गेले. ते वळणाआड होताच चांगुणाबाईंनी पोरीला उचललं आणि स्टेशन गाठलं. पॅसेंजरनं केडगाव, तिथून मिळेल त्या गाडीनं न्हावरे. "वरडला असता तर मी ऱ्हायले असते, बाई," त्या म्हणाल्या. "वरडणारा माणूस थकतो. ह्यो थकत न्हवता."

भावाकडं किती दिवस राहणार? रांजणगावला कारखाने उभे राहत होते. तिथल्या एका कँटीनमध्ये त्यांना काम लागलं. शेकडो माणसांच्या पोळ्या लाटायच्या, मोठाली पातेली उतरवायची. सुरुवातीला रोजावर, मग ठेकेदारानं पगारी केलं. शिरूरला त्या भाड्याच्या खोलीत राहायच्या, आणि खोल्या बदलत राहायच्या. प्रत्येक घरमालक पहिल्या दिवशी एकच विचारायचा, "मालक कुठं असतात?" त्या सांगायच्या, "दौंडला, रेल्वेत." मग काही महिने बरे जायचे. मालक काही येत नाहीत हे लक्षात आलं की बोलण्याची तऱ्हा बदलायची. एका ठिकाणी न्हाणीघराला अर्धंच दार होतं. सुरेखा आंघोळीला गेली की घरमालकाचा भाऊ नेमका अंगणात येऊन दात घासायचा. पोरगी तेव्हा आठवीत होती. चांगुणाबाईंनी आठवड्यात ती खोली सोडली आणि दुसरीकडं सामान उतरवताना मला म्हणाल्या, "बाई, आता सोताचं दार पायजे. आतनं लावायचं, आन् उघडायचं का न्हाई ते आपुन ठरवायचं."

नगर रस्त्याच्या अंगाला तेव्हा नवी वसाहत होत होती. ओळीनं लहान लहान घरं. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर, मागं धुण्याची जागा. चांगुणाबाई रविवारी तिथं जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या. पाया खोदलेला असायचा, त्यात उतरून "हितं झोपायचं, हितं चूल" असं करायच्या. सोपाननं वडिलांच्या मेंढरांतला बहिणीचा वाटा मोडून दिला, त्यातून सुरुवातीची रक्कम झाली. बाकीच्यासाठी कर्ज. त्या काळी आमच्याकडं घरासाठी कर्ज म्हणजे नोकरदारांची गोष्ट. मी शिक्षिका म्हणून जामीन राहायला तयार झाले. आमच्या घरात त्यावरून चार दिवस अबोला होता, पण ते असो.

बँकेतले साहेब तरुण होते आणि चांगले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे घडलं त्यात दोष द्यायला माणूस शोधला तर बँकेत तरी कुणी सापडत नाही. त्यांनी चांगुणाबाईंना खुर्ची दिली, पगाराची स्लिप बघितली, यंत्रावर आकडे मारले, पुन्हा मारले. "तुमच्या एकटीच्या पगारात बसत नाही हो," ते म्हणाले. "हप्ता भरून घरात खायला काय उरतं, ते आम्हाला बघावं लागतं."

"खायाचं कँटीनमधी व्हतंय, साहेब," चांगुणाबाई म्हणाल्या.

साहेब हसले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"रेल्वेत हायेत. दौंडला."

साहेबांचा चेहरा उजळला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! कायम नोकरी आहे ना? त्यांचा पगार तुमच्यात मिळवला की प्रश्नच मिटला. त्यांना अर्जात सोबत घ्या. घरावर दोघांचं नाव, कर्जावर दोघांचं नाव. एक सही इथं, एक सही तिथं."

मी चांगुणाबाईंकडं बघितलं. त्यांनी पदर घट्ट धरला होता. मी साहेबांना हळू आवाजात सांगितलं की दोघं वेगळे राहतात. साहेब ओशाळले. मग कोर्टाचा कागद आहे का, म्हणाले. नव्हता. नसेल तर नवरा असलेल्या बाईचा अर्ज नवऱ्याशिवाय वर कुणी मंजूर करणार नाही, शिवाय पगारही पुरत नाही. "कोर्टातून मोकळ्या होऊन या, पगार थोडा वाढू दे, मग बघू," असं त्यांनी खरोखर कळकळीनं सांगितलं. बाहेर आल्यावर चांगुणाबाई म्हणाल्या, "नाव-गाव इचारत्यात तसं इचारलं असंल असं वाटलं मला. खोटं बोलायचं सुचलंच न्हाई."

सोपानला अर्जात घ्यावं, असं आम्ही सुचवून बघितलं. त्याच्या उत्पन्नाचा पुरावा काय, असं बँकेनं विचारलं. "कांद्याला पगारस्लिप कुठली?" सोपान म्हणाला आणि टोपी झटकून उठला. जाताना बहिणीला बजावून गेला, "आक्का, त्या माणसाकडं जायचं न्हाई. भाड्यानं ऱ्हा, पालात ऱ्हा, पर तिकडं न्हाई." दोन महिने चांगुणाबाईंनी तो विषय काढला नाही. मग नव्या घरमालकानंही खोली खाली करायला सांगितलं, आणि वसाहतीच्या माणसानं बुकिंग दुसऱ्याला द्यायची भाषा सुरू केली. त्या शनिवारी चांगुणाबाई शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत उभ्या होत्या. "बाई, दौंडला येता का माझ्यासंगं? मला त्याची सही पायजे. त्यो नको."

चौफुल्यापर्यंत एसटी, पुढं जीप. रेल्वेच्या क्वार्टरांची लांब ओळ, मधे बाभळी, आणि एका दारापुढं बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत असलेला एक किडकिडीत, स्वच्छ कपड्यातला माणूस. त्यानं मान वर केली. "ये," म्हणाला. जणू बायको पाणी भरायला गेली होती आणि आत्ताच हंडा घेऊन आली होती. मला त्यानं हात जोडून नमस्कार केला, आतून खुर्ची आणून दिली, स्वतः चहा टाकला. मी आत बघितलं. खुंटीवर बायकोची साडी होती, घडी घातलेली, धुतलेली. फळीवर काचेच्या बांगड्या. कोनाड्यात सुरेखाची पाटी, आणि तिच्यावर कधीतरी तिनं गिरवलेली अक्षरं तशीच, कुणी न पुसलेली. पाच वर्षांची धूळ कशावरच नव्हती. तो माणूस रोज ते सगळं झाडत-पुसत होता.

चांगुणाबाईंनी उभ्या उभ्याच काम सांगितलं. मारुतरावांनी ऐकून घेतलं. शेंगांची टरफलं गोळा करून बाहेर टाकून आले. "करतो की सही," म्हणाले. "माझीच बायको, माझीच पोर. कागदावर दोघांचं नाव लागतंय म्हणतीस, लागू दे. घराची एक किल्ली मला."

"हप्ते मी भरीन. तुमचा पैसा नको," चांगुणाबाई म्हणाल्या.

"भर की."

"तिथं ऱ्हायला यायचं न्हाई."

मारुतरावांनी चांगुणाबाईंकडं बघितलं. रागानं नाही. एखादं झाड किती वाढलं ते बघावं तसं. "मला कुठं घाई हाय?" ते म्हणाले. परतीच्या जीपमध्ये चांगुणाबाईंना उलटी झाली. मी म्हटलं, अजून वेळ आहे, नको सही, नको घर. त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मग पोरीला कुठं ठिवू?"

ठरल्या दिवशी मारुतराव शिरूरला आले. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. बँकेत त्यांनी प्रत्येक कागद सावकाश वाचला, अडलं तिथं साहेबांना आदबीनं विचारलं आणि मग वळणदार सही केली. साहेबांना ते फार आवडले. आकडे पुन्हा मारले गेले. "आता व्यवस्थित बसतंय," साहेब म्हणाले आणि चांगुणाबाईंकडं बघून अभिनंदन केलं. "असे समजूतदार मिस्टर आहेत, आणि तुम्ही उगीच…" वाक्य त्यांनी हसून सोडून दिलं. चांगुणाबाईंनी मारुतरावांच्या नावाखाली आपली सही केली. शाळा त्यांनी पाहिलीच नव्हती, सही करायला सुरेखानं शिकवलं होतं. अक्षरं वाकडी आली. साहेबांना वाटलं, आनंदानं.

घर झालं. त्या पहिल्या वर्षाइतक्या सुखात मी चांगुणाबाईंना कधी बघितलं नाही. मागं कढीपत्ता लावला, पुढच्या भिंतीला निळा रंग दिला. मारुतराव सुट्टीच्या दिवशी यायचे. स्वतःच्या किल्लीनं दार उघडायचे, पुढच्या खोलीत खुर्ची घेऊन बसायचे. काही मागायचे नाहीत. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर तसेच बसायचे. संध्याकाळच्या गाडीनं जायचे. मागच्या खोलीला चांगुणाबाईंनी आतून जाड कडी बसवून घेतली होती. मारुतरावांनी ती बघितली, बोटानं हलवून बघितली आणि "चांगली बसीवली," म्हणाले.

एका दिवाळीत ते रेशनचं घासलेट घेऊन आले. भरलेला डबा. स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. "तुला लागंल," म्हणाले आणि पुढं येऊन बसले. चांगुणाबाई तो डबा उचलून तशाच बाहेर पडल्या आणि सगळं घासलेट शेजाऱ्यांना वाटून टाकलं. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन गॅसच्या जोडणीसाठी नंबर लावायला गेल्या. मी म्हटलं, कदाचित साध्या मनानं आणलं असेल. त्या म्हणाल्या, "असंल. त्येच तर कळत न्हाई, बाई. कवाच कळत न्हाई."

दहावी होताच त्यांनी सुरेखाला पुण्याला हॉस्टेलवर पाठवलं. पुढं नर्सिंगला. सुट्टीत पोरगी यायची म्हणाली की त्या म्हणायच्या, मामाकडं जा, मीच येते तिकडं. सुरेखाला राग यायचा. "घर माझ्यासाठी बांधलं म्हणतेस आणि मलाच बाहेर ठेवतेस?" ती माझ्यासमोर आईला म्हणाली होती. चांगुणाबाई पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. "घर राखाया लागतं, पोरी. राखायचं काम माझं. तू तुझं शिक." ज्या दारासाठी एवढं केलं, त्या दारातून मुलगी आत येऊ नये म्हणून ती बाई झटत राहिली… आणि हप्ते फेडत राहिली.

मग मारुतरावांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. एका सकाळी रिक्षातून लोखंडी ट्रंक उतरवली. "क्वार्टर सोडलं," म्हणाले. कागदावर नाव होतं, त्यांना अडवणार कोण? मी चांगुणाबाईंना म्हटलं, आपण पोलिसांत जाऊ, निदान एक अर्ज देऊन ठेवू. त्या म्हणाल्या, "काय सांगू त्यास्नी? माणूस गप बसतो म्हणून?"

मी निवृत्त होऊन मुलाकडं हडपसरला आले. त्या अधूनमधून सुरेखाला भेटायला पुण्याला यायच्या तेव्हा माझ्याकडं उतरायच्या. एक गोष्ट माझ्या सुनेच्याही लक्षात आली. त्या आल्या की आधी झोपायच्या. सोफ्यावर, जमिनीवर, जिथं जागा मिळेल तिथं. दुपारच्या दुपार गाढ. अशी झोप लागलेल्या माणसाला बघून बरं वाटायला हवं. मला भीती वाटायची, की मग ही बाई घरी झोपते तरी केव्हा? शेवटच्या भेटीत त्या खुशीत होत्या. कर्ज फिटलं होतं, बँकेनं कागद परत दिले होते. चेहरा मात्र सुजलेला, चार पायऱ्या चढल्या की धाप. सुरेखानं तपासण्या करायला लावल्या, गोळ्या दिल्या. मी त्यांना म्हटलं, तुमचा वाटा सुरेखाच्या नावे लिहून ठेवा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मी त्याच्याआधी जायची न्हाई, बाई. मी ठरीवलंय."

त्या त्याच्याआधीच गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वेळेवर आणलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या, कदाचित नाही. दहाव्यानंतर घरात आम्ही चौघं होतो. सुरेखा, सोपान, मी, आणि आपल्या खुर्चीत मारुतराव. सुरेखानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "अण्णा, आई कुठं होती?"

"हितंच. भितीला टेकून."

"काही बोलली?"

"दम लागतोय म्हणली. मग डोळं मिटलं."

"मग तुम्ही शेजारी का नाही गेलात? दिवे लागेपर्यंत काय केलं?"

मारुतरावांनी तिच्याकडं बघितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, मऊ. "लई वर्सांनी माझ्यासमोर तिला झोप लागली व्हती," ते म्हणाले. "उठवावं वाटलं न्हाई."

सोपान ताडकन उठला. सुरेखानं त्याच्या दंडाला धरून खाली बसवलं. मी आजवर त्या वाक्याचा विचार करते आहे. त्यात माया होती का? की ज्याची ते इतकी वर्षं वाट बघत होते ते घडताना त्यांनी शांतपणे बघितलं? त्या माणसाच्या चेहऱ्यावरून मला दोन्ही वाचता येतं, आणि दोन्हींची मला सारखीच भीती वाटते.

वकिलानं हिशेब सांगितला. निम्मं घर मारुतरावांचं होतंच. चांगुणाबाईंच्या निम्म्यात नवरा आणि मुलगी समान. म्हणजे एक हप्ताही न भरलेल्या माणसाचं पाऊण घर, आणि जिच्यासाठी ते घेतलं तिचं पाव. सोपान म्हणाला, पोरी, पाणी सोड त्याच्यावर, तुला नोकरी आहे, पुण्यात घे दुसरं. मीही तेच म्हटलं. सुरेखा म्हणाली, "पाव तर पाव. तेवढ्यात एक माणूस मावतं." तिनं पुण्याची नोकरी सोडली, शिरूरच्या एका दवाखान्यात धरली आणि पुढच्या रविवारी बॅग घेऊन त्या घरात राहायला गेली. मारुतरावांनी दार उघडलं आणि म्हणाले, "ये."

परवा मी तिला भेटायला गेले. जेवायची वेळ होती. मारुतराव पुढच्या खोलीत होते. सुरेखानं त्यांचं ताट नेऊन दिलं, मग मला स्वयंपाकघरात पाट मांडला आणि स्वतःचं ताट घेऊन बसली. भिंतीला पाठ टेकलेली. तोंड दाराकडं. एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघ्यात उभा, असा की कोणत्याही क्षणी उठता यावं. घास तोंडात जायचा तेव्हाही नजर ताटात नव्हती. मारुतराव राहायला आल्यापासून चांगुणाबाई या घरात नेमक्या अशाच जेवायला बसायच्या. मी ते इतक्या वेळा बघितलं होतं. सुरेखानं मात्र कधीच बघितलं नव्हतं, आईनं तिला बघूच दिलं नव्हतं.

"बाई, भाजी घ्या ना," ती म्हणाली. दाराकडं बघतच.